वेबसाइटचं कुलूप

११ मेची सकाळ. मी बागेत, आंबे काढायचा झेला हातात, आणि ठाण्याच्या एका गिऱ्हाईक बाईंचा फोन. "अहो, तुमची साइट उघडत नाहीये. लाल त्रिकोण येतोय, पुढे जाऊ नका म्हणतंय."

हापूसचा शेवटचा तोडा चालू होता. त्या दिवशी किती जण त्रिकोण बघून परत गेले, देव जाणे.

झालं असं, की १० फेब्रुवारीला भाच्याने लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकटचं सर्टिफिकेट, म्हणजे गिऱ्हाईकाची माहिती वाटेत बंद ठेवणारं साइटचं कुलूप, हाताने चढवलं होतं. त्याची मुदत ९० दिवस. आपोआप नवं होण्याची सोय लावायची राहून गेली. आठवणीची ईमेल पाठवणंही त्यांनी २०२५ मध्ये बंद केलंय. संध्याकाळी भाच्याने कोल्हापुरातून ते सरळ केलं.

हे ऐकून एकाने मला वर्षाला नऊ हजारांचं सर्टिफिकेट विकायचा प्रयत्न केला. म्हणे ब्राउझरमध्ये बागेचं नाव हिरव्या अक्षरात दिसेल, विश्वास वाढेल. क्रोमने पट्टीत असं नाव दाखवणं २०१९ मध्येच बंद केलं! आणि फुकटचं काय, नऊ हजारांचं काय, वाटेत माहिती सारखीच बंद राहते. पेटीला सुतळी घट्ट बांधली म्हणून आत देवगडचाच आंबा आहे असं थोडंच असतं? कर्नाटकातला आंबा देवगडच्या नावाने विकला जातो, तोही छान बांधलेल्या पेटीतूनच. त्यासाठी कोकणच्या हापूसला २०१८ साली मिळालेलं जीआय, म्हणजे माल कुठला ते सांगणारी नोंद आहे, कुलूप नव्हे.

पैशांचं मात्र मी नीट बघून घेतलं. कार्डाचा नंबर गेटवेच्याच, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीच्याच पानावर टाकायचा, आमच्या साइटवर काही साठवायचं नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला तो साठवता येतच नाही, आणि मला ती जोखीम नकोच होती. मला मिळालेला दर दोन टक्के, वर त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. १२०० रुपयांच्या पेटीमागे २८ रुपये ३२ पैसे. बाबांनी चष्मा वर करून विचारलं, "आंबे आमचे, मगे दोन टक्के तेंका कित्याक?" म्हणून यूपीआयचा पर्याय सगळ्यात वर ठेवलाय. २०२० पासून त्यावर एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडून कापलं जाणारं शुल्क, शून्य आहे. पण गेटवेवाले वेगळ्या नावाने काही लावतात का, ते दरपत्रकात वाचावंच लागतं.

खातं उघडताना गेटवेवाल्यांनी पॅन, रद्द केलेला चेक आणि परताव्याच्या धोरणाचं पान मागितलं. त्या पानावर आमची रात्र गेली. साका, म्हणजे आतला गर खराब होणं, बाहेरून दिसत नाही, आंबा कापल्यावरच कळतो. शेवटी लिहिलं: कापलेल्या आंब्याचा फोटो दोन दिवसांत पाठवा, तेवढ्या नगांचे पैसे परत. पैसे परत केले तरी गेटवेचं शुल्क आमच्याच माथी.

आता सर्टिफिकेट आपोआप नवं होतं म्हणे. तरी नव्या मुदतीची तारीख, ९ ऑगस्ट, कालनिर्णयावर पेनाने गोल करून त्यात 'कुलूप' लिहून ठेवलंय. तेव्हा आंबा नसला तरी कोकम आगळाच्या ऑर्डरी चालू असतात. आईने परवा विचारलं, "खयच्या कुलपाची तारीख ही?"