७०० सी म्हणजे २८ नव्हे: मांडवा ते मालवण सायकलने

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघे मांडव्याच्या जेट्टीवर सायकली उतरवून निघालो आणि खाडी-खाडीने खाली सरकत आठव्या दिवशी मालवणात पोहोचलो. अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास भरले. घरी परतून आज तिसरा दिवस आहे, डाव्या हाताची करंगळी अजून बधिर आहे आणि एका टेम्पोवाल्यावरचा राग पुरता उतरलेला नाही, तेव्हा पुढील काही विधाने तिखट वाटल्यास वाचकांनी तेवढी सवलत द्यावी. रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर चालवण्याची सवय, स्वतःचे पंक्चर स्वतः काढता येणे आणि तुटलेली साखळी जोडता येणे एवढे मी गृहीत धरले आहे. हे येत नसेल तर आधी शिकून घ्यावे. कोकण कुठे पळून जात नाही.

सायकल घेताना दुकानदाराने मला दोन गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या होत्या. पहिली अशी की सागरी रस्ता आता सगळा डांबरी झाला आहे, त्यामुळे २८ मिलिमीटर रुंदीचे टायर पुरे होतात. दुसरी अशी की ७०० सी हे या चाकाचे माप म्हणजे आपली २८ इंचीच सायकल, तिचा टायर कोणत्याही तालुक्याच्या गावात मिळतो. दोन्ही गोष्टी मी ऐकून घेतल्या, कारण सायकल दिसायला फार देखणी होती. माझ्या सोबत्याची सायकल माझ्या सायकलीच्या निम्म्याहून कमी किमतीची, सहा वर्षे जुनी, पुढे तीन चक्रांची, २६ इंची जाड टायरांची, आणि वजनाने इतकी भारी की जेट्टीवर उतरवताना मी त्याची थट्टाही केली.

मांडवा ते आगरदांडा, तरीने दिघी आणि तिथून दिवेआगर-श्रीवर्धन हा भाग सुखाचा गेला. शेखाडीच्या समुद्रकाठच्या रस्त्याचे फोटो सर्वांनी पाहिलेले आहेत, मी त्यात भर घालत नाही. तिथे मी केलेली एक चूक मात्र सांगितली पाहिजे. ओहोटीला वाळू घट्ट असते म्हणून दिवेआगरच्या किनाऱ्यावर अर्धा तास सायकल चालवली. मजा आली यात शंका नाही, पण त्या अर्ध्या तासाची करकर पुढचे सहा दिवस साखळीतून आणि मागच्या डिरेलरच्या, म्हणजे गिअर बदलताना साखळी सरकवणाऱ्या यंत्राच्या, दोन चाकांतून ऐकू येत होती. किनाऱ्यावर सायकल चालवू नये, ढकलत नेऊन फोटो काढावा आणि परत यावे. रात्री मुक्काम समुद्राला लागून असेल तर सकाळी कोरड्या साखळीवर तांबूस थर आलेला दिसतो, तो निराळाच.

बागमांडल्याहून तरीने वेश्वीला उतरलो आणि तिथे या प्रवासाचा खरा भाग सुरू झाला. वेश्वी, मांदिवली, केळशी हे अंतर नकाशावर किरकोळ दिसते. आम्ही गेलो तेव्हा मधल्या एका तुकड्यावर रुंदीकरणाचे काम निघालेले होते. खडी पसरून ठेवली होती, तिच्यावर रोलर फिरलेला नव्हता, आणि ज्या बाजूला खडी नव्हती तिथे लाल मातीचा घोट्याएवढा फुफाटा होता. चढ होता म्हणून उतरून ढकलत होतो तोवर ठीक होते. उतारावर मी सायकलीवर बसलो. मागच्या टायरची बाजू एका उभ्या खडीने कापली आणि हवा अशी गेली की सोबत्याला पन्नास पावलांवरून आवाज ऐकू आला. ट्यूब बदलणे पाच मिनिटांचे काम आहे, पण टायरच्या बाजूला अंगठा जाईल एवढी चीर असेल तर नवी ट्यूब त्यातून फुगा होऊन बाहेर येते. टूथपेस्टच्या ट्यूबचा तुकडा आतून लावून पाहिला. तो दोन किलोमीटर टिकला.

तिथून दापोली चाळीसेक किलोमीटर असावी. मासळीचे रिकामे क्रेट घेऊन जाणारा एक टेम्पो थांबला आणि चालकाने दोन माणसे, दोन सायकली यांचे अडीच हजार रुपये सांगितले. तो त्याच वाटेने रिकामा चालला होता हे त्याने स्वतःच आधी बोलण्याच्या ओघात सांगितले होते. अठराशेवर सौदा ठरला. सूर्य मावळत होता, घासाघीस करायला आमच्याकडे वेळ नव्हता आणि त्याच्याकडे भरपूर होता. या पैशात तीन उत्तम टायर आले असते हा विचार मी मालवणपर्यंत करत होतो. पुढे जाणाऱ्यांनी त्या पट्ट्याची स्थिती अगोदर एखाद्या स्थानिक मुक्कामाच्या घरी फोन करून विचारावी, आणि टेम्पो लागलाच तर भाव ठरेपर्यंत सायकल वर चढवू देऊ नये. एकदा ती वर गेली की आपली बाजू लंगडी होते.

दुसऱ्या दिवशी दापोलीतील एका जुन्या सायकल दुकानात गेलो. दुकान म्हणजे एक फळी, भिंतीवर टांगलेल्या रिंगा, रॉकेलमध्ये भिजत घातलेले छर्रे आणि साठीच्या पुढचे एक काका. मी ऐटीत सांगितले, "काका, २८चा टायर द्या." त्यांनी माझ्या चाकाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "देतो की, पण साहेब, हा तुमच्या रिंगेला बसायचा नाही." मी आग्रह धरल्यावर त्यांनी टायर काढून दिला. तो पाना न लावता, नुसत्या बोटांनी अलगद रिंगेवर आला. मला आनंद झाला, काकांना मुळीच झाला नाही. त्यांनी पंपाचे आठ-दहा झटके मारले, एका बाजूने टायरची कड रिंगेबाहेर सरकली, तिथून ट्यूब बेडकाच्या गळ्यासारखी फुगली, आणि त्यांनी शांतपणे हवा सोडून दिली.

कारण टायरच्या कडेवरच छापलेले असते, ते वाचण्याची तसदी मात्र मी घेतली नव्हती. आपल्याकडच्या दूधवाल्यांच्या उंच २८ इंची सायकलीचा टायर ६३५ मिलिमीटर व्यासाच्या रिंगेचा असतो. ७०० सी म्हणजे ६२२. तेरा मिलिमीटरचा फरक, म्हणजे प्रत्येक बाजूला साडेसहा. डोंगरी सायकलीचे २९ इंची म्हणून जे चाक विकतात तेही ६२२च असते. २६ इंचाचा घोळ याहून मोठा आहे, कारण त्या एका नावाखाली ५५९, ५८४ आणि ५९० अशा निरनिराळ्या रिंगा येतात. म्हणून इंच विसरावेत, टायरवर २८-६२२ असे छापलेले असते त्यातला दुसरा आकडा पाठ करावा, आणि तोच दुकानदाराला सांगावा. ट्यूबचे एवढे काटेकोर नसते, ६३५ची ट्यूब अडीअडचणीला ६२२मध्ये चालते; पण तिचा वॉल्व्ह जाड असतो आणि बारीक वॉल्व्हच्या रिंगेचे भोक लहान, तेव्हा तिथेही अडकायला होते. बारीक वॉल्व्हसाठी पितळी अडॅप्टर मिळतो, तो नसेल तर मोटारसायकलच्या पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर असूनही तुमच्या चाकात हवा भरता येत नाही. मी दोन घेतले होते, एक हरवला.

काकांनी शेवटी गेटर टाकला. एका टाकाऊ सायकलच्या टायरचा चार बोटे तुकडा कापला, त्याच्या कडेची तार काढून टाकली, चारही बाजूंनी चाकूने तासून कडा कागदासारख्या पातळ केल्या, म्हणजे त्या ट्यूबला काचणार नाहीत. मग सोल्युशन लावून, ते वाळण्याची वाट पाहून, आतून बसवला. बाहेरून चीर तशीच दिसत होती, पण सायकल त्याच टायरवर मालवणपर्यंत गेली. पैसे विचारले तर चाळीस रुपये म्हणाले. टेम्पोच्या अठराशेनंतर ही चाळीसची रक्कम ऐकून मला बोलायला सुचले नाही. तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे की घडी घालता येणारा एक सुटा टायर नेणे जमत नसेल, तर तयार तासलेला गेटर, सोल्युशनची न उघडलेली ट्यूब आणि पॉलिश पेपर यांना पिशवीत जागा असलीच पाहिजे. एकदा उघडलेले सोल्युशन महिन्या-दोन महिन्यांत वाळून जाते आणि ते आपल्याला नेमके रस्त्यावर कळते.

आता चढांविषयी. कोकणची किनारपट्टी सपाट असते असे घाटमाथ्यावरच्या लोकांना वाटते, मलाही वाटत होते. प्रत्यक्षात प्रत्येक खाडीपाशी रस्ता समुद्रसपाटीला उतरतो आणि पलीकडे पुन्हा जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, चढतो. हे दिवसातून चार-पाच वेळा होते, आणि चढ लांब नसले तरी उभे असतात. दापोली स्वतःच सुमारे आठशे फुटांवर आहे. माझ्या सायकलीला पुढे ५० आणि ३४ दात, मागे सर्वांत मोठे चक्र २८ दातांचे. म्हणजे सर्वांत हलक्या गिअरमध्येही पॅडलच्या एका फेरीला सायकल सुमारे २.६ मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेऱ्या धरल्या तर ताशी नऊ किलोमीटरहून अधिक वेग उभ्या चढावर, सामानासह राखावा लागतो. तो मला राखता येत नाही, आणि हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनाही येणार नाही. सोबत्याचे पुढचे लहान चक्र २४ आणि मागचे मोठे ३४ दातांचे, त्यामुळे एका फेरीला जेमतेम दीड मीटर. तो बसून, गप्पा मारत चढला, मी उतरून ढकलत. सामानासह कोकणात जायचे असेल तर पुढचे लहान चक्र मागच्या मोठ्यापेक्षा लहान असावे, निदान बरोबरीचे तरी. सायकल किती किलोची आहे हा प्रश्न त्यानंतरचा. एक किलोसाठी वीस हजार जास्त मोजणाऱ्याने आधी पिशवीतील तिसरी जीन्स काढावी.

सामान मी सीटखालच्या लांब पिशवीत भरले होते आणि ती चढावर उभे राहून पॅडल मारताना म्हशीच्या शेपटीसारखी हलत होती. तिच्यात जड वस्तू ठेवू नयेत. हत्यारे, ट्यूब, पाणी हे सर्व फ्रेमच्या त्रिकोणात खाली असावे. फ्रेमला कॅरिअरची भोके असतील तर सरळ कॅरिअर लावावे, ते दिसायला जुनाट वाटले तरी चालेल. मात्र त्याचे पाच मिलिमीटरचे स्क्रू खडीवर सैल होतात. सोबत्याचा एक गुहागरच्या आधी पडून गेला आणि केबल टायवर काम भागवावे लागले. निळे थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव, लावून निघावे, चार सुटे स्क्रू न्यावेत आणि रोज सकाळी बोटाने चाचपावेत. मागच्या चाकाला ३६ तारा असतील तर उत्तम. आऊट काढणारा, म्हणजे वाकडे फिरणारे चाक सरळ करणारा, माणूस तालुक्याला मिळतो, पण तुमच्या लांबीची तार त्याच्याकडे असेलच असे नाही, म्हणून दोन-तीन तारा फ्रेमला चिकटवून न्याव्यात. डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा, म्हणजे हँगर, प्रत्येक सायकलीचा वेगळा असतो, तो सुटा जवळ हवाच.

देखभालीबाबत प्रत्येकाने मला वेगळे सांगितले. खोबरेल तेल लावू नये. थंडीत ते थिजते आणि एरवी माती धरते. गंज सोडवण्याचा फवारा म्हणजे वंगण नव्हे, तो उलट असलेले तेल धुऊन नेतो. शिलाई मशीनचे तेल तीस-चाळीस किलोमीटर पुरते, पण ते प्रत्येक गावात मिळते ही त्याची मोठी जमेची बाजू. संध्याकाळी मुक्कामाच्या घरी एक बादली गोडे पाणी मागावे, मगने हळू ओतून मीठ आणि फुफाटा काढावा, शॅम्पूची एक पुडी आणि जुना टूथब्रश घेऊन साखळी घासावी, फडक्याने कोरडी करावी, प्रत्येक कडीला एक थेंब तेल द्यावे आणि दहा मिनिटांनी बाहेरचे सर्व तेल पुसून टाकावे. पुसण्याची पायरी लोक गाळतात, आणि मग त्या तेलावर लाल मातीची पेस्ट तयार होते. मोटारसायकल धुण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली सायकल धरू नये, पाणी बेअरिंगमध्ये जाते. निघण्यापूर्वी साखळी पट्टीने मोजावी: नव्या साखळीच्या २४ कड्या, आतली आणि बाहेरची वेगळी मोजून, बरोबर १२ इंच भरतात. त्याहून एक सोळांश इंच जास्त भरले तर साखळी घरीच बदलावी. ब्रेकबाबत माझी पसंती तारेवर चालणाऱ्या डिस्कला आहे. तार आपली आपण बदलता येते. पॅडचा एक सुटा जोड मात्र न्यावाच, सड्यावरून खाडीकडचे उतार त्यांना झपाट्याने खातात.

दाभोळहून धोपावे, गुहागर, तवसाळहून तरीने जयगड आणि गणपतीपुळे हे दोन दिवस उत्तम गेले, त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. तरीच्या उताराच्या फरशीवर शेवाळ असते, तिथे सायकलीवर बसून ऐट दाखवू नये एवढेच. रत्नागिरीच्या पुढे सड्यावर तासन् तास सावली आणि दुकान यांपैकी काही मिळत नाही, म्हणून माणशी तीन लिटर पाणी न्यावे. मी दोन नेले होते आणि पूर्णगडच्या अलीकडे एका घरी जाऊन मागितले. त्यांनी पाण्याबरोबर कोकम सरबतही दिले.

परतीला मालवणहून खासगी बस घेतली. फोनवर प्रत्येक सायकलीचे पाचशे ठरले होते, डिकीत चढवताना बाराशे मागितले. गाडी सुटायला सात मिनिटे होती, द्यावे लागले. भाडे संदेशातून लिहून घ्यावे, म्हणजे निदान दाखवायला काही राहते. पुढचे चाक काढून, डिरेलरची बाजू वर ठेवून, सायकल स्वतः आत जाऊन बांधावी, ते काम क्लीनरवर सोडू नये. मी थकलो होतो, सोडले. पुण्यात उतरवली तेव्हा माझा हँगर आत वाकलेला होता. सोबत्याची सायकल त्याच डिकीत माझ्या सायकलीखाली, दोन आंब्याच्या कलमांच्या कुंड्या अंगावर घेऊन आली होती, आणि तिच्यावर बसून तो स्वारगेटवरून थेट घरी गेला.