खड्ड्यातला योसेफ

गुरुवार, रात्री दहा

कुटुंबप्रार्थनेत आज बायबलातल्या उत्पत्तीचा ५० वा अध्याय आला. वाचायची पाळी माझी. तुम्ही माझं वाईट योजलं, पण देवाने त्याचं भलं केलं, असं योसेफ भावांना सांगतो, ते वचन. रविवारच्या शाळेत पाठ केलेलं. आज त्याच ओळीवर आवाज अडला. शेजारी हे बसले होते, उजवा हात मांडीवर ठेवून. म्हणजे मीच उचलून ठेवला होता.

अर्धांगाच्या झटक्याला सात महिने झाले. ज्या हाताने तीस वर्षं कात्री चालवली, त्यात आता चमचा धरवत नाही. मशीनवर चादर टाकलीय. गिऱ्हाइकांची न शिवलेली कापडं मी घरोघरी परत करून आले.

माणसं भेटायला येतात, प्रेमानेच येतात. "यात देवाचा काहीतरी चांगला हेतू असेल बघा," म्हणतात. असेल, मीही तसंच मानते, अगदी मनापासून. पण ते माझ्या ओट्यावर बसून चहा पिता पिता कुणी सांगितलं की घशाशी काहीतरी येतं.

वाचन झाल्यावर मी मागची पानं उलटली. योसेफाची गोष्ट सुरू होते तेव्हा तो १७ वर्षांचा, मिसरचा राजा फारो याच्यापुढे उभा राहिला तेव्हा ३० चा. मध्ये भावांनीच खड्ड्यात टाकून विकलं, मग दास्य आणि तुरुंग. त्यातली दोन वर्षं तर तुरुंगातून सुटलेला प्यालेबरदार, म्हणजे राजाला मद्य देणारा सेवक, त्याला विसरला म्हणून गेली. मी पाठ केलेलं ते वचन त्याच्या तोंडी येतं ते मिसरात अधिकारी झाल्यावर, बापाला मूठमाती दिल्यावर. खड्ड्यात पडला तेव्हा त्याच्याजवळ ते नव्हतं. तेव्हा तो काय करत होता? ते भाऊच पुढे ४२ व्या अध्यायात कबूल करतात: तो काकुळतीला येऊन विनवत होता आणि आम्ही ऐकलं नाही. इतक्या वर्षांत ही ओळ माझ्या नजरेला कशी पडली नाही! विनवण्या करणारा योसेफही देवाच्याच हाती होता. मग मी रात्री उशीत तोंड खुपसून रडते, त्याने माझा विश्वास उणा होत नसावा.

आजी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली. बाईंचं सगळं तिला तोंडपाठ. बाईंचे आई, वडील, बहीण दुष्काळाच्या वणवणीत गेले. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न, आणि १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला. पदरात तान्ही लेक मनोरमा. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात बाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. पोट पाठीला लागतं म्हणजे काय ते त्यांनी स्वतः भोगलं होतं. पण त्या मुली वाचाव्यात म्हणून बाईंची आई गेली, असा हिशोब आजीने कधी मांडला नाही, आणि मलाही मांडवत नाही. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. बाईंना त्यानंतर वर्षभरही आयुष्य लाभलं नाही, तरी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी शेवटपर्यंत चालू ठेवलं. एकुलती एक लेक पुरल्यावर त्या टेबलाशी कशा बसल्या असतील, याचा विचार मी आज भांडी घासताना करत होते.

प्रभूच्या हाताबाहेर काही घडलेलं नाही, एवढंच मला धरून राहायचंय. का घडलं ते आज कळलं नाही तरी चालेल. कधीच कळलं नाही तर? तिथपर्यंत अजून माझी मजल गेलेली नाही. प्रभू, तिथपर्यंत तूच ने.

प्रार्थना संपली तेव्हा हे म्हणाले, "परत... वाच." कुठलं, विचारलं. बराच वेळ शब्द जुळेना. मग म्हणाले, "खड्डा."

मी ३७ वा अध्याय काढून सबंध वाचला. खड्ड्यात पाणी नव्हतं, इथे त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि अध्याय संपेपर्यंत सोडलं नाही.

उद्या अकराला फिजिओथेरपी. रबरी चेंडू पलंगाखाली गेलाय, सकाळी काढायचा.