‘एकूण’ दिसलं म्हणून गुणू नका

शाब्दिक उदाहरणात मूल पाढ्यांवर फारसं अडत नाही. ते अडतं ‘बाई, गुणायचं की भागायचं?’ इथे. त्यावर घरोघरी एक तोडगा असतो: ‘एकूण’ आलं की गुणाकार, ‘प्रत्येकी’ आलं की भागाकार. हा तोडगा दगा देतो. ‘8 खोक्यांत प्रत्येकी 12 आंबे, तर आंबे किती?’ यात ‘प्रत्येकी’ असून गुणाकार आहे. ‘एकूण 96 आंबे 8 खोक्यांत सारखे भरले’ यात ‘एकूण’ असून भागाकार.

त्यापेक्षा वहीत तीन चौकटी आखून घ्या: गट किती, एका गटात किती, सगळे मिळून किती. उदाहरण आधी पेन्सिल खाली ठेवून वाचायचं, आकडे वगळून काय घडलं ते सांगायचं, मग चौकटी भरायच्या. तिसरी रिकामी राहिली तर गुणाकार. पहिली किंवा दुसरी राहिली तर भागाकार.

या दोन भागाकारांचं चित्र मात्र वेगळं असतं. 24 मोदक 6 जणांना वाटायचे, तर एकेक मोदक ताटात पडतो आणि 4 फेऱ्या होतात. 24 मोदक एका डब्यात 6 असे भरायचे, तर सहा-सहा उचलले जातात आणि डबे 4 लागतात. उत्तर दोन्हीकडे 4, म्हणून मुलं डब्यांच्या उदाहरणातही ‘4 मोदक’ लिहून मोकळी होतात. आकडेमोडीआधीच ‘उत्तर: ___ डबे’ असं लिहून घेतलं की ही चूक टळते.

खरी गंमत बाकीची. 50 ला 4 ने भागलं की भागाकार 12, बाकी 2. आता 50 मुलांना टॅक्सीने न्यायचंय, एकीत 4 बसतात: टॅक्सी 13 लागतील, नाहीतर दोघं रस्त्यावर. 50 लाडवांची चार-चारची पाकिटं केली: भरलेली पाकिटं 12च. 50 रुपये चौघांत वाटले: प्रत्येकी साडेबारा. उरले किती लाडू, असं विचारलं तर उत्तर 2. ही चारही उदाहरणं एकाच दिवशी, एकाखाली एक द्या. मूल ‘12 बाकी 2’वर थांबलं तर ‘त्या दोघांचं काय करायचं?’ एवढंच विचारा.

आणि लोकलच्या बाकावर तिघे बसतात, 20 जणांना बाक किती, असं विचारलंत तर मुंबईचं पोर 7 ऐवजी 5 म्हणेल, तिघांच्या बाकावर दाटीने टेकणारा चौथा धरून. ते चुकलं नाही. त्याला उदाहरणात काय दिलंय ते पुन्हा वाचायला लावा.

‘तिप्पट’चा सापळा वेगळाच. ‘मीनाकडे 15 गोट्या, त्या राजूच्या तिप्पट, तर राजूकडे किती?’ म्हटलं की हात सरळ 45 वर जातो. इथे राजूची एक पट्टी आणि तिच्याखाली मीनाच्या तशाच तीन पट्ट्या काढायला सांगा. 15 हा आकडा तीन पट्ट्यांवर बसतो, एका पट्टीत 5 येतात.