रुळाचा तुकडा

शाळेच्या शतकमहोत्सवी स्मरणिकेच्या समितीचा फोन आला तेव्हा पलीकडून सांगण्यात आलं, "शाळेनं तुम्हाला काय दिलं ते लिहा, पण जरा प्रेरणादायी." आमच्या बॅचचे दोघे डॉक्टर आहेत, एक जण अमेरिकेत आहे, एक पाळक होऊन गावोगाव उपदेश करतो. मी कृषी खात्यात चौतीस वर्षं शेतकऱ्यांच्या बांधावर उभा राहून निवृत्त झालो. माझ्याकडे सांगण्यासारखी गोष्ट एकच आहे, आणि तिच्यात फारसं काही घडत नाही. समितीनं सातशे शब्द म्हटलं होतं, तेवढ्यात मात्र ती बसलेली नाही.

आपल्या मिशनच्या शाळेची घंटा म्हणजे खरी घंटा नव्हतीच. बोर्डिंगच्या अंगणातल्या कडुलिंबाला जाड तारेनं टांगलेला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा, आणि तो वाजवायला एक भला मोठा बोल्ट. बोल्टाचा मार बसून बसून रुळाच्या कडेला एक चकचकीत खळगा पडला होता. बाकी सगळा रूळ गंजलेला, तेवढीच जागा आरशासारखी. पहाटे पाचला उठायचा टोला, सव्वापाचला प्रार्थनेचा.

१९७९ च्या जूनमध्ये मी पाथर्डीकडच्या गावातून पत्र्याची पेटी घेऊन पाचवीत आलो. आई रोजगार हमीवर खडी फोडायची. बोर्डिंगात दोन वेळची भाकर मिळते म्हणून तिनं मला इथं घातलं, हे सांगायला लाज कसली? भाकरीबरोबर प्रार्थना होतीच. बोर्डिंगचे मास्तर रोज संध्याकाळी उभे राहून एकच प्रार्थना करायचे. अक्षरशः एकच. "हे प्रभो, आजची भाकर दिलीस, उद्याचीही तूच देशील," इथून सुरुवात आणि आजाऱ्यांच्या नावांवर शेवट. मधली वाक्यं आम्हाला इतकी पाठ की ती कधी येणार हे ओळखून मुलं ओठ हलवायची. मी तर त्यांची नक्कल करून मुलांना हसवायचो. नगरचा (आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडातून नगरच निघतं) मिशनमधला देव मला त्या काळी असाच वाटायचा. रोजचा, वेळेवर येणारा, थोडा कंटाळवाणा.

आठवीत असताना दिवाळीनंतर उज्जीवन सभा, म्हणजे विश्वास नव्यानं जागा करायच्या सभा, झाल्या. बाहेरगावचे एक उपदेशक आले होते. तिसऱ्या रात्री त्यांनी दिवे मंद करायला लावले आणि ज्यांना प्रभू भेटला त्यांनी हात वर करावेत असं सांगितलं. माझ्या उजवीकडचा रडत होता, डावीकडचा थरथरत होता. मला काहीच होत नव्हतं. पायाला डास चावत होते, एवढंच कळत होतं. सगळ्यांचे हात वर गेले तसा मीही केला.

त्या रात्री झोप येईना. देवाच्या घरात खोटं बोललो, आता काही खैर नाही, असं वाटत राहिलं. शेवटी उठून मास्तरांच्या खोलीशी गेलो. ते कंदील लावून भुसाराचा हिशोब लिहीत बसले होते. मी सगळं सांगून टाकलं. माझी अपेक्षा होती की एक तर छडी बसेल, नाही तर ते डोक्यावर हात ठेवून मोठी प्रार्थना करतील. त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि म्हणाले, "वर केलेला हात खाली घे. न्हाई भेटला तर न्हाई भेटला. उद्यापासून पहाटंची घंटा तू वाजवायची." आणि पुन्हा हिशोबात डोकं घातलं.

दहावीची परीक्षा संपेपर्यंत ती घंटा मी वाजवली. थंडीत बोल्ट हाताला चटका द्यायचा. देव भेटला असं त्या काळात एकदाही वाटलं नाही, पण टोलाही एकदा चुकला नाही.

घंटा हाती आली त्याच महिन्यात मास्तरांनी मला बोर्डिंगच्या रानात नेलं. गायरानाला लागून आपली काळीची जमीन होती, तिच्यात दरवर्षी मालदांडी ज्वारी पेरायचे. रब्बीची ज्वारी ज्यांनी जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हस्ताच्या पावसाच्या आगेमागे पेरणी होते आणि मग पाऊस परत जातो. पुढचे चार महिने त्या पिकाला वरून थेंब मिळेलच याचा भरवसा नसतो. जमिनीनं पावसाळ्यात जे पोटात धरून ठेवलंय त्याच्यावर आणि थंडीवर ते वाढतं. दीड-दोन महिन्यांचं पीक झालं की काळी जमीन सुकून भेगाळते. त्या भेगांतून खालची ओल उडून जाते, मुळंही तुटतात. म्हणून आठव्या आठवड्याच्या सुमारास दातेरी कोळपं चालवून भेगा मातीनं बुजवायच्या. पुढे राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकायला गेलो तेव्हा हेच फळ्यावर लिहून घ्यावं लागलं. आमच्याकडची म्हण त्याहून आटोपशीर आहे: एक कोळपणी, अर्धं पाणी.

मास्तर एका भेगेशी उकिडवे बसले आणि मला म्हणाले, "घाल हात." माझा हात मनगटाच्या वर आत गेला. वरचं ढेकूळ दगडासारखं, आणि खाली बोटांच्या टोकांना गार, ओलसर माती लागली. "वरनं पाऊस पाडणं आपल्या हातात न्हाई," ते म्हणाले, "भेग बुजवणं हाय." मग ते बैलांकडे गेले. त्यांनी कशाचा कशाशी संबंध जोडून दाखवला नाही. आम्हा ख्रिस्ती लोकांना दृष्टान्त समजावून सांगायची फार खोड आहे. मास्तरांना ती नव्हती.

शाळेचं आणखी एक ऋण आहे, इतिहासाच्या बाईंचं. त्या केडगावच्या मुक्तीत, पंडिता रमाबाईंनी काढलेल्या मिशनात, वाढलेल्या. पंडिता रमाबाई पुस्तकात दोन ओळींत संपायच्या, बाई मात्र दोन तास बोलायच्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला, पण ख्रिस्त आपला तारणारा म्हणून मनात बसायला पुढे आठेक वर्षं लागली, हे रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवलंय. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं! एवढी संस्कृतची पंडिता, जिनं उपासमारीत आई-बाप गमावले, देशभर पायी हिंडली, तिला आठ वर्षं लागतात आणि हे सांगायला तिला कमीपणा वाटत नाही. बाईंनी हे सहज सांगितलं आणि त्या फळा पुसायला वळल्या. मी खोटा हात वर केलेला मुलगा, माझ्या मानेवरचं ओझं तिथं निम्मं उतरलं. रमाबाईंचं मराठी बायबलचं भाषांतरही असंच वर्षानुवर्षं चाललं. मुक्तीच्या छापखान्यात बायकांनीच अक्षरांचे खिळे जुळवले. रमाबाई १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या आणि सबंध ग्रंथ बाहेर पडला तो १९२४ मध्ये.

नोकरी लागली, लग्न झालं, चर्चच्या मंडळीत खजिनदार झालो. आणि १९९८ च्या सुमारास माझ्या आतलं सगळं गप्प झालं. संकट आलं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. मुलं धडधाकट, पगार वेळेवर, घरात भांडण नाही. उपासनेला बसायचो, दानपात्राचे पैसे मोजायचो, प्रभुभोजन घ्यायचो, आणि आत रिकाम्या धान्याच्या पेवासारखं वाटायचं. पाळकांना एकदा विचारलं. ते म्हणाले, एखादं लपवलेलं पाप असेल, शोधा. मी प्रामाणिकपणे शोधलं. सापडली तेवढी नेहमीचीच होती, नवीन एकही नाही.

तेव्हा शाळा कामाला आली. पहाटे पाचला जाग यायचीच, तेवढं हाडात मुरलं होतं. उठून स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची ओढायची, चष्मा लावायचा, बायबलातलं एक स्तोत्र वाचायचं, मास्तरांची ती प्रार्थना म्हणायची आणि उठायचं. जास्त काही करायला गेलो की ढोंग वाटायचं, म्हणून केलं नाही. स्तोत्रं दीडशे. पाच महिन्यांत एक फेरी. असं अकरा वर्षं चाललं, म्हणजे सव्वीस-सत्तावीस फेऱ्या झाल्या. मी मोजल्या नव्हत्या, हे आता लिहिताना हिशोब केला. बायकोनं एकदाच विचारलं, "रोज काय मागता?" म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, "बरं. तुमची खुर्ची वाजली की मी दूध तापवायला उठते, तेवढं चुकवू नका."

प्रत्येक फेरीत अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राला मी अडायचो. बाकीची विलापाची स्तोत्रं रडतात, कुरकुरतात, पण कुठं तरी मान वर करतात. हे करत नाही. देवाला हाका मारत सुरू होतं आणि अंधारातच संपतं. पवित्र शास्त्रात हे ठेवलंच कशाला, असं पहिल्या दहा फेऱ्यांत वाटायचं. नंतर वाटणंही बंद झालं. यायचं, वाचायचो, पुढं जायचो.

२००९ च्या उन्हाळ्यात आमच्या मंडळीतल्या एका घरचा तरणाताठा मुलगा विहिरीत बुडून गेला. लोक येत होते, बापाला देवाच्या योजनेबद्दल सांगत होते. बाप भिंतीला टेकून बसलेला, डोळे कोरडे. तो एकदम माझ्याकडे वळून म्हणाला, "तात्या, आता देवाचं काही सांगू नका मला." मी काही सांगायला गेलोच नव्हतो. पण त्याच्याशेजारी बसल्या बसल्या माझ्या तोंडून अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र सुरू झालं. न अडखळता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ते मला पाठ आहे हे त्या क्षणापर्यंत मला माहीत नव्हतं. शेवटच्या अंधारापाशी मी थांबलो. पुढे आशेचं काही जोडलं नाही, कारण तिथं नाहीच. त्यानं बऱ्याच वेळानं विचारलं, "हे बायबलात हाय?" म्हटलं, हाय. मग तो रडला. आम्ही दोघं दिवेलागणीपर्यंत तिथंच बसलो.

घरी चालत येताना मला भेगेतली ती ओल आठवली, बोटांच्या टोकांना लागलेली. इतक्या वर्षांत मी वर ढेकळंच पाहत आलो होतो. माझ्या आत काही साठून राहिलंय याचा मला पत्ता नव्हता, आणि ते माझ्या उपयोगासाठी होतं असंही नाही. मार्काच्या शुभवर्तमानात वाढणाऱ्या बियाचा एक छोटासा दाखला आहे, शुभवर्तमान लिहिणाऱ्या इतर तिघांनी तो घेतलेला नाही. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो, आणि बी कसं वाढतं ते त्याला कळत नाही. खात्यातल्या कुठल्याही अधिकाऱ्याला ते वाचून हसू येईल, पण गोष्ट खरी आहे. पानाच्या पोटरीत दडलेलं कणीस निसवून बाहेर पडेपर्यंत मीही बाहेरून अंदाजच करायचो.

त्यानंतर सगळं उजळलं, असं लिहिलं तर तो पुन्हा खोटा हात वर केल्यासारखा होईल. काही दिवस आत बोलणं ऐकू येतं, पुष्कळ दिवस येत नाही. पूर्वी त्याची भीती वाटायची, आता वाटत नाही. खुर्ची तीच आहे, एक पाय नवा बसवलाय.

शतकमहोत्सवाच्या बैठकीसाठी जानेवारीत शाळेत येऊन गेलो. नवी इमारत झकास झालीय, बटण दाबलं की वाजणारी बेल आहे. मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली. लिंब अजून आहे, पण रूळ खाली उतरवून शौचालयाच्या भिंतीशी उभा केलेला दिसला, शेजारी मोडक्या बाकांचा ढीग. शिपाईमामांना विचारलं तर म्हणाले, भंगारवाला यायचाय.

तर समितीला आणि आताच्या मुख्याध्यापकांना माझी एक विनंती आहे. बाक खुशाल द्या. रूळ देऊ नका. जुनी तार झिजलीय, ती वापरू नका. मी महोत्सवाच्या आदल्या दिवशी नवी साखळी घेऊन येतो. फांदीला साल सोलणार नाही अशा बेतानं ती बांधायला एक शिडी आणि एक जण लागेल. बोल्ट शोधू नका. तो दहावीला निघताना मी पेटीत टाकून नेला होता, चाळीस वर्षं माझ्याकडेच आहे.