कॅबिनेट कोणतं घेऊ?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कॅबिनेट म्हणजे पीसीचे सगळे भाग ज्यात बसतात तो डबा. माझ्याकडे पीसी जोडून घ्यायला येणारे बहुतेक जण हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारतात. प्रोसेसर ठरलेला असतो, ग्राफिक्स कार्डावर भरपूर खल झालेला असतो, आणि मग "उरलेल्या पैशांत एखादं छानसं कॅबिनेट सुचवा ना" अशी विनंती येते. मला हा क्रम पटत नाही. मदरबोर्डचं, म्हणजे ज्यावर प्रोसेसर, रॅम बसते त्या मुख्य बोर्डाचं, एटीएक्स हे माप इंटेलने १९९५ मध्ये आणलं. ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा तो बोर्ड आजही तेवढाच आहे. प्रोसेसरचं सॉकेट काही वर्षांत बदलतं, रॅम बदलते. कॅबिनेट मात्र पुढच्या बोर्डालाही चालतं. जी वस्तू घरात सगळ्यात जास्त टिकणार, तिचा विचार आधी व्हायला हवा.

माझं उत्तर एका वाक्यात मावतं: पुढून हवा घेणारं कॅबिनेट घ्या. समोर सलग काच आणि आत तीन रंगीत पंखे, असं कॅबिनेट शोकेसमध्ये देखणं दिसतं, पण त्या पंख्यांना हवा मिळते ती कडेच्या बोटभर फटीतून. दुकानात मोबाइलचा टॉर्च पुढच्या जाळीवर धरून बघा. आतल्या पंख्याची पाती स्वच्छ दिसली तर हवाही आत जाईल. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात खोलीच चाळीस अंशांच्या वर असते. नुसत्या पंख्यांनी आतली हवा खोलीपेक्षा थंड होत नाही, त्यामुळे आतली गरम हवा झटपट बाहेर काढणं एवढंच आपल्या हातात उरतं. पुढून दोन पंखे आत, मागून एक बाहेर, एवढं बहुतेकांना पुरतं. आत येणारी हवा थोडी जास्त ठेवली की फटींमधून हवा बाहेर पडते आणि धूळ फक्त फिल्टरवाटेच येऊ शकते. तो फिल्टर कॅबिनेट आडवं न करता निघतो का, हेही पाहा. काढायला त्रास होणारा फिल्टर कोणी धूत नाही.

पंख्यांबद्दल अजून एक. स्वस्त कॅबिनेटमधले पंखे बऱ्याचदा चार पिनांच्या मोठ्या मोलेक्स कनेक्टरने थेट एसएमपीएसला, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याला, जोडलेले असतात. मदरबोर्डला त्यांचा वेग कमी करता येत नाही, म्हणून रात्री नुसता ब्राउझर उघडला तरी ते पूर्ण वेगाने घोंगावतात. दुकानदाराला बाजू उघडून वायर दाखवायला सांगा.

मापं कागदावर लिहून न्या. ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरची उंची, ही दोन तर हवीतच. नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा कूलर पंख्यासकट १६५ मिलिमीटर उंच आहे. १६० ची मर्यादा असलेल्या कॅबिनेटची काच त्यावर लागणारच नाही. पाण्याने थंड करणाऱ्या कूलरचा रेडिएटर पुढच्या बाजूला बसवायचा असेल तर तो आणि त्याचे पंखे मिळून पाच सेंटिमीटर जागा खातात, आणि ती कार्डाच्या वाट्यातून जाते.

मागे कार्डांच्या स्लॉटवर झाकण म्हणून असलेल्या पट्ट्या स्क्रूच्या असाव्यात. हलक्या कॅबिनेटमध्ये त्या पिळून तोडायच्या असतात आणि एकदा तोडली की परत लागत नाही. जुनं कार्ड काढलं की तिथे भोक राहतं. आपल्याकडच्या घरांत त्या भोकातून पाल शिरते, उंदीर शिरतो, आणि उंदराला वायर कुरतडायला वेळ लागत नाही.

आणि ज्या गोष्टीसाठी लोक कॅबिनेटलाच दोष देतात, ती झिणझिणी. मागच्या स्क्रूला हात लागला की मुंग्या आल्यासारखं होतं, टेस्टर लावला तर तोही पेटतो. दरवेळी कॅबिनेट सदोष असतं असं नाही. एसएमपीएसमधल्या फिल्टरचे दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नीट असेल तर गळणारा किंचित करंट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्रा २३० च्या साधारण निम्म्या व्होल्टवर तरंगत राहतो. करंट फार थोडा असतो, पण पत्र्यावर खरोखरचा फेज आला, तर वाचवणारं अर्थिंग घरात नाही, असा त्याचा अर्थ आहे. रबरी चटई टाकून किंवा चप्पल घालून काम भागवू नका. इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेटची तिसरी पिन तपासून घ्या, आणि ते होईपर्यंत पीसी बंद ठेवा.

कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस मात्र मी कोणालाच वापरू देत नाही. तो बाजूला ठेवा आणि नावाजलेल्या कंपनीचा वेगळा घ्या. चार-पाच हजारांत पुढून जाळीचं, पंखे असलेलं चांगलं कॅबिनेट येतं. मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानांत स्वतः जाऊन पाहा, बाजूचा पत्रा अंगठ्याने दाबा. तो आत दबत असेल तर पुढचं कॅबिनेट दाखवायला सांगा.