ग्रीन स्ट्रीटवरचं अर्धं शटर

"आज मॅच कुणाची?" हा काकांचा सकाळचा पहिला प्रश्न. देवाला अगरबत्ती त्यानंतर. फुटबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण दुकानातल्या गुजराती पंचांगावर एकादशी-पौर्णिमेच्या जोडीनं वेस्ट हॅम क्लबच्या घरच्या मैदानावरची प्रत्येक मॅच लाल पेनानं गोल करून ठेवलेली असायची. २५ ऑगस्ट २००९, मंगळवार. त्या तारखेवर एकात एक असे दोन गोल होते.

"मिलवॉल," काका म्हणाले. "सहाला शटर."

मी मूळचा कोल्हापूरचा. बी. फार्म. करून पुढं शिकायला लंडनला गेलो आणि फीची भर म्हणून पूर्व लंडनमधल्या ग्रीन स्ट्रीटवर काकांच्या औषधाच्या दुकानात काउंटरला उभा राहिलो. रस्ता बघाल तर लंडन वाटणार नाही. साड्या, सोनं, कारली, हलाल मटण. आणि याच रस्त्याच्या टोकाला वेस्ट हॅमचं अप्टन पार्क मैदान. स्टेशनातून उतरलेलं पब्लिक आमच्या दारावरूनच मॅचला जायचं. पेठापेठांतली फुटबॉलची ईर्षा आणि शाहू स्टेडियमबाहेरची दगडफेक बघत मोठा झालेला मी, त्यामुळं काकांचं हे शटरपुराण मला जरा अतीच वाटायचं.

काका १९७२ चे. इदी अमीननं युगांडातून हाकलल्यावर एका सुटकेसवर आलेले. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा म्हणाले, "बेटा, तू आयसीएफचं नाव ऐकलंस का? इंटर सिटी फर्म."

मी म्हटलं, "फर्म म्हणजे भागीदारीतला धंदा?"

काका हसले नाहीत. इंग्लंडात फुटबॉलवरून मारामारी करणाऱ्या टोळीला फर्म म्हणतात; आयसीएफ ही वेस्ट हॅमवाल्यांची. सत्तरच्या दशकात बाहेरगावच्या मॅचला फुटबॉलवाल्यांच्या खास गाड्या सुटायच्या, आणि त्यांवर पोलिसांचा पहारा असायचा. या पोरांनी डोकं लढवलं : तिकीट काढून साध्या इंटरसिटी गाडीनं, सभ्य प्रवाशांत बसून जायचं. गळ्यात क्लबचा मफलर नाही, अंगात भारी कपडे. पोलीस मफलर शोधत राहायचे. मार खाल्लेल्याच्या अंगावर छापील कार्ड टाकायचे : अभिनंदन, तुमची नुकतीच आयसीएफशी गाठ पडली आहे. व्हिजिटिंग कार्ड! धंद्याचा माझा अंदाज अगदीच चुकला नव्हता म्हणायचा.

मिलवॉलशी वैर त्याहून जुनं. दोन्ही क्लब थेम्सकाठच्या कामगारांचे. मिलवॉल १८८५ चा, नदीच्या या काठाचाच, पण १९१० मध्ये पलीकडं गेला. वेस्ट हॅम हा थेम्स आयर्नवर्क्स या जहाज बांधणाऱ्या कारखान्यातून १८९५ मध्ये निघालेला. एकाच गोदीतली रोजंदारी मिळवायला भांडणारी माणसं ती. संपात कोण फुटलं याच्या गोष्टी दोन्हीकडं दोन तऱ्हेनं सांगतात.

पण काकांना त्या वैराचं सोयरसुतक नव्हतं. त्यांच्या आठवणी वेगळ्या. त्या काळी मैदानाबाहेर नॅशनल फ्रंट या वर्णद्वेष्ट्या पक्षाचे लोक आपला पेपर विकायचे. मॅचच्या दिवशी आपली माणसं मुलांना घरातून सोडत नसत. आयसीएफमध्ये काळी पोरंही होती, अगदी पुढाऱ्यांत होती, आम्ही वर्णद्वेष्टे नाही असं ते छातीठोक सांगत. "असेल," काका म्हणाले. "वीट कुणी मारली ते काचेला कळत नाही."

सहाला आम्ही शटर ओढलं, पण पूर्ण नाही. रमजान होता, औषधं न्यायला लोक यायचे राहिले होते. साडेसहाच्या सुमाराला आवाज आला. मैदानातला आवाज एका लयीत येतो; हा तसा नव्हता. शटरखालून नुसते पाय दिसत होते. आधी चालणारे, मग पळणारे, मग घोड्यांचे. बाटली फुटली, पाठोपाठ दुसरी. काका देवाच्या फोटोपाशी जाऊन उभे राहिले.

तेवढ्यात एक माणूस वाकून आत आला. टक्कल, पन्नाशी ओलांडलेली, भुवईच्या वर फाटलेलं. पहिलं वाक्य काय? "जॅकेटला रक्त लागू देऊ नकोस." दीड-दोन महिन्यांचा माझा पगार असेल ते जॅकेट. खुर्चीवर बसवलं, सलाईननं जखम धुतली, गॉज दाबून धरलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, रक्त थांबेना. सवयीनं विचारलं, रक्त पातळ करायची गोळी घेता का?

"ॲस्पिरिन. रोज पंचाहत्तर मिलिग्रॅम. हार्टची."

काकांनी माझ्याकडं पाहिलं. मी गॉज बदललं.

बोलका निघाला. पोरगा असताना गाड्यांतून कुठं कुठं गेलो ते सांगू लागला. १९८६ च्या ऑगस्टात हॉलंडला निघालेल्या बोटीवर वेस्ट हॅम आणि मँचेस्टर युनायटेडचे लोक एकमेकांना भिडले, बोट अर्ध्या वाटेतून परत आणावी लागली, ते तर असं सांगितलं की जणू पंढरीची वारी. मग धरपकड झाली, आणि १९८८ मध्ये आयसीएफवाल्यांवरचा खटला कोसळला, कारण पोलिसांच्या डायऱ्यांवरच भरवसा ठेवण्यासारखं राहिलं नव्हतं. हे सांगताना त्याला भारी मजा वाटत होती. मध्येच फोनवर मेसेज आला, तेव्हा खिशातून वाचायचा चष्मा काढला आणि हात लांब करून वाचू लागला.

"कुठला तू?"

"इंडिया."

"म्हणजे क्रिकेट."

"नाही. आमच्या गावात फुटबॉल."

त्यानं मान हलवली, पण विश्वास बसला नसावा. मी चिकटपट्ट्या लावल्या आणि टाके घालावे लागतील, इस्पितळात जा म्हणून बजावलं. तो गेला नसणार. मॅच पावणेआठला होती आणि त्याच्याकडं तिकीट होतं.

आठला सूर्य मावळला. शेजारच्या कापडवाल्यानं मागच्या दारानं खजूर पाठवले. काकांनी दोन घेतले, मी मोदकाचा डबा उघडला. गणपतीचा तिसरा दिवस होता. बाहेर हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं. मिलवॉल पुढं होता, मग शेवटच्या काही मिनिटांत बरोबरी, मग जादा वेळ, वेस्ट हॅम ३-१. गोल झाला की लोक मैदानात घुसत होते, हे आम्ही रेडिओवर ऐकलं. बाहेर एकाच्या छातीत चाकू मारला होता, तो वाचला. पुढं वेस्ट हॅमला एक लाख पंधरा हजार पौंड दंड झाला.

मध्यरात्री पोलिसांनी आम्हाला दुकानातून बाहेर पडू दिलं. सकाळी मी काचा झाडल्या. आमची काच शाबूत होती, पण काकांनी काचवाल्याला फोन आधीच लावून ठेवला होता, म्हणून त्याला चहा पाजून परत पाठवला.

२०१६ मध्ये क्लब स्ट्रॅटफर्डच्या ऑलिम्पिक स्टेडियमात गेला आणि जुन्या मैदानावर फ्लॅट उभे राहिले. मी तेव्हा कोल्हापुरात परतलो होतो. दिवाळीला काकांना फोन केला, म्हटलं, आता शटरची कटकट गेली ना?

"शनिवारचा गल्ला पडला रे," काका वैतागून म्हणाले. "पॅरासिटॅमॉलपण जात नाही."