सोलापूरचे टॉवेल आणि 27 ऑगस्टचा कट-ऑफ

न्हावा शेवा पोर्टच्या एका फॉरवर्डरकडे, म्हणजे लोकांचा माल जहाजाने परदेशी पाठवून देणाऱ्या कंपनीत, एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन बघते मी. आमच्या कामात घाई रोजचीच असते, कट-ऑफ, म्हणजे शेवटची वेळ, म्हटला की आरडाओरडा आलाच, पण 26 ऑगस्ट 2025 ला जे चाललं होतं तसं मी तरी आधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गणपती, अर्धा स्टाफ कोकणात गेलेला, हरतालिका असल्यामुळे उरलेल्यांपैकी आम्ही दोघी उपाशी, पोर्टच्या रस्त्याला ट्रेलरची रांग, आणि ज्याला त्याला एकच पाहिजे, आपला डबा, म्हणजे कंटेनर, सकाळी 9.31 च्या आत जहाजावर चढला पाहिजे.

9.31 का, तर अमेरिकेने रशियन तेलाच्या कारणावरून भारतीय मालावर जो जादा 25 टक्के लावला तो त्यांच्या 27 ऑगस्टच्या रात्री 12 वाजून 1 मिनिटाने लागू होणार होता, आणि तिथल्या ईस्टर्न टाइमचे 12.01 म्हणजे आपले सकाळचे 9.31. आधीचा 25 टक्के 7 ऑगस्टपासून चालूच होता, त्यामुळे दोन्ही मिळून 50. वर नेहमीची ड्युटी वेगळी. औषधं आणि मोबाईलवाले यातून बाहेर होते, ते निवांत. आमच्याकडे मात्र टॉवेल, बेडशीट, ग्रॅनाईट, असलाच माल जास्त, म्हणजे सगळा मार खाणारा.

दुपारी सोलापूरहून अण्णांचा फोन. टेरी टॉवेलचा कारखाना आहे त्यांचा, जुने क्लायंट, मला ताई म्हणतात आणि फोन ठेवताना न चुकता "जेवला का" विचारतात, त्या दिवशी विचारलं नाही. त्यांचे दोन कंटेनर होते. एक एफओबीवर विकलेला, म्हणजे जहाजावर चढेपर्यंत अण्णांचा, पुढचं सगळं बायरचं, त्याचं एलईओ म्हणजे कस्टम्सची निर्यातीची परवानगी झालेली, गेट-इन झालेलं, टर्मिनलच्या आत उभा. दुसरा डीडीपी, म्हणजे अमेरिकेतली ड्युटी सुद्धा अण्णांनीच भरून माल दारात पोचवायचा, आणि हा अजून पार्किंग प्लाझावर अडकलेला, फॅक्टरी स्टफिंगचा, म्हणजे कारखान्यातच भरून ई-सील लावलेला माल, कागद तपासून तिथेच एलईओ मिळायचं होतं. अण्णांचं म्हणणं, लेट गेट-इनचे जे काय पैसे लागतील ते द्या, पण आज रात्री चढवा.

आमचे सर पण त्याच मूडमध्ये. लोड करा आधी, बाकीचं नंतर बघू. आणि चूक त्यांची पण नाही, गेले दोन दिवस ऑफिसच्या ग्रुपवर सगळे हेच फिरवत होते की 27 च्या आधी जहाजात चढलेल्या मालाला जादा टॅक्स नाही.

मी म्हटलं एकदा ओरिजिनल कागद बघावा. आदल्या दिवशी म्हणजे 25 ला त्यांच्या होमलँड सिक्युरिटीची ड्राफ्ट नोटीस आलेली होती, ती डाउनलोड करून ठेवलेली पण पूर्ण वाचलेली नव्हती कोणीच. त्यात सूट आहे, पण दोन अटींवर. माल 27 ऑगस्टच्या 12.01 च्या आत जहाजात चढून वाटेवर असला पाहिजे, हे सगळ्यांना पाठ. दुसरी अट अशी की त्याच मालाची तिकडे कन्झम्प्शनसाठी एंट्री, म्हणजे तिथे वापरायला कस्टम्समध्ये नोंद, 17 सप्टेंबरच्या 12.01 च्या आत झाली पाहिजे. 27 ऑगस्ट ते 17 सप्टेंबर, 21 दिवस. आता न्हावा शेवाहून अमेरिकेच्या ईस्ट कोस्टला जहाज किती दिवसांत जातं हे आमच्या प्यूनला सुद्धा माहितीय. 2023 च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून बहुतेक लाईन्स, म्हणजे जहाज कंपन्या, तेव्हा आफ्रिकेला वळसा घालून जात होत्या, महिना तरी धरायचा, मध्ये कुठे ट्रान्सशिपमेंट, म्हणजे जहाज बदलणं, असलं तर अजून वर. म्हणजे त्या रात्री चढवलेला डबा पहिली अट पूर्ण करून दुसरीत नापास होणार हे जहाज सुटायच्या आधीच ठरलेलं होतं, आणि पोर्टबाहेरची ती सगळी रांग, निदान ईस्ट कोस्टला जाणारी, काहीही उपयोग नसलेल्या गोष्टीसाठी हॉर्न वाजवत होती.

अण्णांना सांगितलं तर ते ऐकेचनात. "अहो ताई, 5 ऑक्टोबर आहे की ती तारीख, मला माझ्या बायरने मेल दाखवलाय." आणि मेल खराच होता, फक्त तो पहिल्या 25 टक्क्यांचा. त्या ऑर्डरमध्ये 7 ऑगस्टच्या आत चढलेला माल 5 ऑक्टोबरच्या आत पोचून क्लिअर झाला तर जुनाच 10 टक्के, म्हणजे जवळजवळ दोन महिने दिलेले होते. दुसऱ्या ऑर्डरमध्ये तीन आठवडे. शब्दरचना सगळी तीच, तारीख तेवढी बदललेली, त्यामुळे घाईत वाचणाऱ्याला वाटणार हे आपण वाचलंय की. माझ्या मते तरी 2025 च्या ट्रेडमधला सगळ्यात मोठा त्रास टॅक्सच्या आकड्यापेक्षा हाच होता, एकासारख्या एक ऑर्डरी, प्रत्येकीच्या तारखा वेगळ्या, आणि कुठला डबा कुठल्या ऑर्डरखाली येतो हे त्याच्या प्रवासावरून ठरणार.

मग अण्णांनी एकेक शक्यता विचारायला सुरुवात केली आणि खरं सांगू, प्रश्न हुशारीचे होते. पेपर आधी फाईल केले तर? कागद आधी देता येतात, पण जहाज तिकडच्या पोर्टच्या हद्दीत शिरेपर्यंत एंट्रीची वेळ धरली जात नाही. बीएलवर, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीवर, 26 तारीख टाका? हे मी सरळ नाही म्हटलं. खोटी ऑन बोर्ड डेट हा गुन्हा आहे आणि इथे त्याने फायदा पण काही नव्हता. गंमत म्हणजे रात्री 2 ला चढलेल्या डब्याच्या बीएलवर आपल्याकडे 27 तारीख पडणार पण वॉशिंग्टनमध्ये तेव्हा 26 चालू, त्यावरून ऑफिसमध्ये अर्धा तास वाद झाला, निष्पन्न शून्य कारण दुसऱ्या अटीने तो मुद्दाच निकालात काढलेला.

संध्याकाळी तिकडची सकाळ झाल्यावर अमेरिकेतल्या कस्टम्स ब्रोकरचं उत्तर आलं, दोन ओळींचं, तुमचं वाचन बरोबर आहे. मग मी अण्णांना आकडे करून दिले. टॉवेलवर त्यांची नेहमीची ड्युटी 9.1 टक्के. शंभर डॉलरच्या मालावर जुलैपर्यंत 19 डॉलर 10 सेंट, 7 ऑगस्टपासून 34.10, आणि 27 ऑगस्टपासून 59.10. किरकोळ फी वेगळ्या. तिकडे व्हॅल्यू एफओबीवर धरतात, आपल्यासारखी सीआयएफवर, म्हणजे भाडं आणि विमा धरून, नाही, तेवढाच दिलासा, म्हणजे काहीच नाही. एफओबीच्या डब्यात हा भार बायरचा. डीडीपीच्या डब्यात इम्पोर्टर ऑफ रेकॉर्ड, म्हणजे कागदावरचा आयातदार, अण्णांचीच कंपनी, म्हणजे अण्णांचा. शिवाय त्यांचा तिकडचा कस्टम्स बाँड, म्हणजे ड्युटी भरण्याची हमी, कमीत कमी रकमेचा, 50 हजार डॉलरचा, आणि बाँड ठरतो वर्षाच्या ड्युटीच्या 10 टक्क्यांवर, ड्युटी एवढी वाढली की बाँड पण वाढवून मागतात. ते ऐकल्यावर फोनवर बराच वेळ नुसता मागच्या लूमचा आवाज.

एक रस्ता होता, माल तिकडच्या बाँडेड वेअरहाउसमध्ये, म्हणजे कस्टम्सच्या देखरेखीखालच्या गोदामात, टाकायचा. तिथे ड्युटी माल बाहेर काढताना भरायची, आणि रेट त्या दिवशीचा, मुदत पाच वर्षांपर्यंत. रेट उतरला तर वाचलात. फॉरेन ट्रेड झोनमध्ये, म्हणजे कस्टम्सच्या हद्दीबाहेर धरलेल्या त्यांच्या खास जागेत, तसं चालत नव्हतं, कारण ऑर्डरमध्येच लिहिलं होतं की माल प्रिव्हिलेज्ड फॉरेन स्टेटसमध्ये घ्यायचा, म्हणजे आत शिरतानाचाच रेट चिकटला. हा फरक मी अण्णांना समजावला तेव्हा सर पण खुर्ची ओढून ऐकत बसले. पण वेअरहाउसचं भाडं डॉलरमध्ये, आणि रेट कधी उतरेल कोण सांगणार.

रात्री आठच्या सुमाराला निर्णय झाला. टर्मिनलमधला एफओबीचा डबा जाऊ द्यायचा, गेट-इन झालेला माल बॅक टू टाऊन, म्हणजे टर्मिनलमधून परत बाहेर, काढायचा म्हणजे लाईन, टर्मिनल, कस्टम्स सगळ्यांच्या परवानग्या, त्यात गणपती. डीडीपीवाला मात्र थांबवायचा. एलईओ झालेलं नव्हतं म्हणून शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टम्सचा कागद, कॅन्सल करणं त्यामानाने सोपं, तरी सुट्टीमुळे दोन-तीन दिवस गेले आणि ट्रेलरवाल्याने हॉल्टिंगचे, म्हणजे थांबून राहिल्याचे, पैसे घेतलेच. आमच्या डॉक क्लार्कने ड्रायव्हरला रांगेतून बाहेर काढायला सांगितलं तर मागचे ड्रायव्हर खूश, एक नंबर पुढे सरकला म्हणून. त्यांना काय सांगणार.

सर मला एवढंच म्हणाले की बाकीच्या क्लायंटना पण मेल टाक. टाकला. काहींनी डबे थांबवले, बऱ्याच जणांनी नाही, कारण बायरने लिहिलं होतं की 27 च्या आत चढव नाहीतर ऑर्डर कॅन्सल, आणि बायरशी वाद कोण घालणार. सकाळी 9.31 ला मी घरी मूर्तीची तयारी करत होते आणि फोनवर "लोडेड" असे मेसेज येत होते, अंगठ्यांसकट.

थांबवलेला माल कळंबोलीच्या गोडाऊनला रिकामा केला, कंटेनर लाईनला परत. दुबईचा एक जण घ्यायला तयार होता पण टॉवेलच्या बॉर्डरमध्ये अमेरिकन हॉटेलचं नाव विणलेलं, त्यामुळे त्याने साधे टॉवेल तेवढे उचलले, ते पण भाव पाडून. केंद्राने ऑगस्टमध्ये कापसावरची 11 टक्के आयात ड्युटी माफ केली, पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, त्याचा अण्णांना काय उपयोग झाला विचारलं तर म्हणाले विणलेला माल गोडाऊनला पडलाय, कापूस घेऊन काय करू.

एफओबीचा डबा ऑक्टोबरच्या सुरुवातीला पोचला. बायरने तो बाँडेड वेअरहाउसमध्ये टाकला, लागेल तसा थोडा थोडा काढतोय आणि दर वेळी अण्णांकडे डिस्काउंट मागतोय, कागदावर ड्युटी त्याची असली तरी. अण्णा थोडं देतात, थोडं नाही म्हणतात.

बायरची नवीन पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, आली तेव्हा त्यात टॅरिफचं एक कलम होतं, रेट बदलला तर फरक निम्मा-निम्मा. सही करायच्या आधी अण्णांनी मला पाठवलं. "ताई, रेट कुठल्या तारखेचा धरायचा ते लिहिलंच नाही यात." मी म्हटलं एंट्रीची तारीख घालून घ्या, बीएलची नको. त्यांनी तसं कळवलंय, बायरचं उत्तर यायचंय.